मोठ्या मॉडेल विमानासाठी प्रॉपेलरची निवड : एक अभ्यासपाठ

आमच्या शाळेच्या विमान-छंदवर्गातून बाहेर पडलेले काही माजी विद्यार्थी आता नोकरीधंद्यात स्थिरावले आहेत आणि लहानपणीच्या या छंदाकडे पुन्हा वळले आहेत. शाळेत असताना थर्माकोलचे नाहीतर बाल्सा लाकडाचे छोटे विमान हातात होते. आता अडीच-तीन मीटर पंखविस्ताराची, पेट्रोल इंजिनावर चालणारी रेडिओ-नियंत्रित विमाने ते बांधू लागले आहेत. त्यांच्याकडून आणि सध्या वर्गात असलेल्या मोठ्या मुलांकडून एक प्रश्न वारंवार येतो : "आमच्याकडे अमुक घनसेंटिमीटरचे इंजिन आहे, त्याला कोणता प्रॉपेलर लावावा?"

प्रश्न साधा दिसतो, परंतु तो अपुरा आहे. त्यात इंजिन आहे, विमान नाही. ज्या मैदानावरून उडायचे ते मैदानही नाही. एकच इंजिन संथ, उंच पंखाच्या विमानात बसवले तर त्याला एक प्रॉपेलर योग्य ठरतो आणि वेगवान, खालच्या पंखाच्या विमानात बसवले तर दुसरा. चुकीच्या निवडीची किंमतही लहान नसते. इंजिन तापून बसते, महिनोन्‌महिने खपून बांधलेले विमान कुंपणापाशीच पडते आणि सर्वांत वाईट प्रसंगी फिरते पाते माणसाच्या अंगावर येते. म्हणून ही निवड ऐकीव माहितीवर न सोडता ती गणिताने कशी करावी आणि मोजमापाने कशी तपासावी, याचा विचार आम्ही या पाठात मांडत आहोत. त्यासाठी आठवी-नववीच्या गणिताहून अधिक काही लागत नाही.

१. दोन आकड्यांची भाषा

प्रत्येक प्रॉपेलरवर दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ १८×८. आपण ते 'अठरा बाय आठ' असे वाचतो. दोन्ही आकडे इंचांत असतात. पहिला आकडा व्यास, म्हणजे एका पात्याच्या टोकापासून दुसऱ्या पात्याच्या टोकापर्यंतची लांबी. दुसरा आकडा पिच.

पिच समजण्यासाठी लाकडात शिरणारा स्क्रू डोळ्यांसमोर आणावा. स्क्रूला एक पूर्ण फेरा दिला की तो जेवढा आत सरकतो, तेवढा त्याचा पिच. प्रॉपेलर हवेत न घसरता शिरला असता, तर १८×८चा प्रॉपेलर दर फेऱ्याला ८ इंच पुढे गेला असता. हवा लाकडासारखी घट्ट नाही, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी घसरण होते. पण हिशेबाला हे माप पुरेसे उपयोगी आहे.

पिचचे काम सायकलच्या किंवा मोटारीच्या गिअरसारखे आहे. एसटीचा चालक घाट चढताना गिअर उतरवतो आणि सपाट रस्त्यावर वरचा गिअर टाकतो. कमी पिच म्हणजे घाटातला गिअर : उचल दमदार, वेग बेताचा. जास्त पिच म्हणजे सपाटीचा गिअर : वेग मोठा, परंतु सुरुवातीची उचल मंद. घाटात वरचा गिअर टाकला तर इंजिन धापा टाकते आणि महामार्गावर पहिल्या गिअरमध्ये गाडी दामटली तर ते किंचाळते. प्रॉपेलरच्या निवडीतल्या बहुतेक चुका या दोन प्रकारांत बसतात.

२. प्रॉपेलर म्हणजे फिरणारा पंख

राइट बंधूंनी १९०२-०३च्या हिवाळ्यात प्रॉपेलरचा विचार सुरू केला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की जहाजांच्या प्रॉपेलरचे शास्त्र तयारच असेल आणि आपल्याला ते केवळ पाण्याऐवजी हवेला लावावे लागेल. शोध घेतल्यावर त्यांना आढळले की जहाजांचे प्रॉपेलर मुख्यतः अनुभवाने, करून पाहत बनवले जात होते. मग त्यांनी स्वतःच मूळापासून मांडणी केली. प्रॉपेलर म्हणजे मळसूत्री मार्गाने फिरत जाणारा विमानाचा पंखच, ही ती मांडणी. तिच्या आधारे त्यांनी स्प्रूस लाकडाचे साडेआठ फूट व्यासाचे दोन प्रॉपेलर हाताने घडवले. जेमतेम १२ अश्वशक्तीच्या इंजिनाने साखळ्यांच्या साहाय्याने ते दोन्ही फिरवले आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे विमान उडाले. त्या दिवसाचे सर्वांत मोठे उड्डाण ५९ सेकंदांचे होते. इंजिन एवढे अशक्त असताना विमान उडाले, यात त्या प्रॉपेलरांचा वाटा फार मोठा होता. इंजिनाच्या शक्तीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग ते उपयोगी रेट्यात बदलत होते.

या मांडणीतून दोन गोष्टी कळतात. पहिली, पाते पिळदार का असते. १८×८च्या प्रॉपेलरमध्ये केंद्रापासून ३ इंचांवर पात्याचा कोन सुमारे २३ अंश असतो, तर टोकाशी तो केवळ ८ अंश असतो. टोक एका फेऱ्यात मोठे वर्तुळ कापते आणि बुडखा लहान वर्तुळ कापतो. दोघांनीही दर फेऱ्याला ८ इंचच पुढे सरकायचे, तर कोन वेगवेगळे ठेवावेच लागतात.

दुसरी गोष्ट, मोठा व्यास का हवा. रेटा दोन मार्गांनी मिळतो : थोडी हवा फार वेगाने मागे ढकलून किंवा पुष्कळ हवा सावकाश मागे ढकलून. दुसऱ्या मार्गाला शक्ती कमी लागते. म्हणून संथ विमानाला इंजिन आणि मैदान परवानगी देतील तेवढा मोठा व्यास आणि त्याला साजेसा कमी पिच लाभदायक ठरतो. पुढच्या बाजूस रुंद आवरण असलेल्या विमानांत हे आणखी महत्त्वाचे असते. त्या आवरणाआड दडलेला प्रॉपेलरचा मधला भाग फारसे काम करत नाही; बाहेर राहणारे पातेच विमान ओढते.

३. इंजिनावरचा भार

व्यास आणि पिच बदलल्यावर इंजिनावरचा भार किती बदलतो, हे पाहण्यासाठी एक सोपे सूत्र वापरले जाते. व्यासाचा चौथा घात करावा आणि त्याला पिचने गुणावे. येणाऱ्या संख्येला आपण 'भारांक' म्हणू. ही संख्या स्वतः काही सांगत नाही. एकाच घडणीच्या दोन प्रॉपेलरांची तुलना करण्यापुरतीच ती कामाची आहे. १८×८ हा आधार धरून मांडणी करू.

१८×८ : भारांक ८,३९,८०८ (आधार)
१९×६ : भारांक ७,८१,९२६ (सुमारे ७ टक्के कमी)
१९×८ : भारांक १०,४२,५६८ (सुमारे २४ टक्के अधिक)
१८×१० : भारांक १०,४९,७६० (२५ टक्के अधिक)
२०×८ : भारांक १२,८०,००० (सुमारे ५२ टक्के अधिक)

हे आकडे सावकाश वाचण्याजोगे आहेत. व्यास १ इंच वाढवला तर भार जवळजवळ तेवढाच वाढतो, जेवढा पिच २ इंच वाढवल्याने वाढतो. म्हणून या मापांच्या आसपास 'व्यास एक इंच वर, तर पिच दोन इंच खाली' हा नियम आपण धरू शकतो. आणि केवळ दोन इंचांनी मोठा असा २०×८चा प्रॉपेलर इंजिनावर दीडपट भार टाकतो! दुकानात शेजारी शेजारी टांगलेले हे दोन प्रॉपेलर डोळ्यांना जवळपास सारखेच दिसतात.

भार अती झाला की इंजिन आपल्या योग्य फेऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, तापते, त्यात काजळी धरते आणि शेवटी पिस्टन जाम होण्याचा धोका असतो. भार फार कमी झाला तर इंजिन मर्यादेबाहेर फेरे घेते; त्याची झीज बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड सोसतात. इंजिनासोबत येणाऱ्या पत्रिकेत निर्मात्याने सुचवलेल्या प्रॉपेलरांची यादी असते. ती यादी हे आपल्या निवडीचे कुंपण समजावे. कुंपणाच्या आत कोणता प्रॉपेलर घ्यायचा, हे विमान ठरवते.

४. विमानाची गरज : पायपर क्यूबचे उदाहरण

अमेरिकेतील पायपर जे-३ क्यूब हे विमान १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आले आणि त्याच्या सुमारे २० हजार प्रती बनल्या. पिवळ्या रंगाचे, उंच पंखाचे हे शांत स्वभावाचे विमान मॉडेल बांधणाऱ्यांचे आजही आवडते आहे. मूळ विमानाचा पंखविस्तार १०.७४ मीटर, त्याची चतुर्थांश प्रतिकृती केली की तो सुमारे २.७ मीटर होतो. अशी प्रतिकृती साधारण ७ ते ९ किलो वजनाची होते. आपण ८ किलो धरू, आणि इंजिन ३० घनसेंटिमीटरच्या वर्गातील दोन-स्ट्रोक पेट्रोल इंजिन आहे असे मानू.

येथे एक मोह टाळावा लागतो. मूळ क्यूबचा प्रॉपेलर सुमारे ७२ इंच व्यासाचा होता, म्हणजे चतुर्थांश माप १८ इंच. योगायोगाने हा व्यास आपल्या इंजिनालाही जुळतो. पण जुळणी येथेच संपते. मूळ ६५ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला २३०० फेऱ्यांवर पूर्ण शक्ती देई. आपले छोटे इंजिन त्याच्या तिपटीहून अधिक फेऱ्यांवर काम करते. त्यामुळे मूळ विमानाचे आकडे चाराने भागून प्रतिकृतीचा प्रॉपेलर ठरवता येत नाही. हिशेब नव्यानेच करावा लागतो.

पहिली पायरी : विमान हवेत टिकून राहण्याचा किमान वेग काढावा. क्यूबच्या पंखाचे क्षेत्रफळ चतुर्थांश प्रतिकृतीत सुमारे १ चौरस मीटर येते. ८ किलो वजनाला हा वेग ताशी सुमारे ३५ कि.मी. निघतो. याखाली पंखाची उचल तुटते.

दुसरी पायरी : प्रॉपेलरचा 'पिच-वेग' काढावा. पिच मीटरमध्ये मांडून त्याला सेकंदाच्या फेऱ्यांनी गुणले की तो मिळतो. समजा, १८×८चा प्रॉपेलर लावल्यावर इंजिन जमिनीवर मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला १२० फेरे. ८ इंच म्हणजे ०.२०३ मीटर. गुणाकार सुमारे २४.४ मीटर प्रतिसेकंद, अर्थात ताशी ८८ कि.मी. आता १८×१० घेतला आणि वाढलेल्या भारामुळे फेरे ६६०० झाले असे धरले, तर पिच-वेग ताशी १०१ कि.मी. येतो. १९×६ने हलक्या भारामुळे ७४०० फेरे दिले, तर ताशी ६८ कि.मी.

तिसरी पायरी : दोन्ही वेगांची तुलना करावी. सर्वसाधारण उड्डाणासाठी पिच-वेग हा किमान वेगाच्या दुपटीहून अधिक, अडीच पटीच्या आसपास असावा, असा जाणत्यांचा दंडक आहे. ३५ची अडीचपट म्हणजे ८७-८८. त्यामुळे पहिल्या उड्डाणासाठी १८×८ हीच निवड स्वाभाविक ठरते. वाऱ्याच्या दिवशी, विशेषतः आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी मैदानावर वारा उठतो तेव्हा, त्या वाऱ्याला तोंड देत घरी परतण्याइतका वेग या प्रॉपेलरमध्ये आहे.

१९×६ मात्र बाद ठरत नाही. मैदान आखूड असेल, गवत उंच असेल, किंवा विमानाने मागे फलक ओढायचा असेल, तर याची दमदार उचल उपयोगी पडते. फक्त दिवस कमी वाऱ्याचा हवा. १८×१० क्यूबला शोभत नाही. क्यूबचे उघडे इंजिन, मोठी चाके आणि पंखाचे टेकू यांचा हवेला इतका विरोध होतो, की वाढलेल्या पिचचा वेग विमान वापरूच शकत नाही. तेच इंजिन एखाद्या सडपातळ, वेगवान विमानात असेल, तर मात्र १८×१० योग्य ठरू शकतो.

उतरतानाचा विचार बहुतेक जण विसरतात. इंजिन मंद गतीवर मिनिटाला १८०० फेरे घेत असेल, तर १० इंच पिचचा पिच-वेग ताशी २७ कि.मी. आणि ६ इंच पिचचा केवळ १६ कि.मी. असतो. जास्त पिचचा प्रॉपेलर मंद गतीवरही विमानाला पुढे रेटत राहतो आणि विमान धावपट्टीवर तरंगत दूर निघून जाते. कमी पिचचा प्रॉपेलर तेथे ब्रेकचे काम करतो. आखूड मैदानावर हा फरक विमान वाचवतो.

५. उंची आणि उष्णता

पाचगणीसारख्या सुमारे १३०० मीटर उंचीच्या पठारावर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी असते. मे महिन्यातील ४० अंशांच्या उन्हातही १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ती सुमारे ८ टक्के घटते. विरळ हवेत इंजिनाची शक्ती कमी होते, पण प्रॉपेलर फिरवायला लागणारी शक्तीही त्याच प्रमाणात कमी होते. परिणामी फेरे मोजले तर ते जवळपास नेहमीएवढेच भरतात आणि सारे ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात रेटा घटलेला असतो आणि विमानाचा किमान वेग वाढलेला असतो. अशा ठिकाणी धावपट्टीची लांबी अधिक धरावी आणि चढण सौम्य ठेवावी.

६. जमिनीपासूनचे अंतर आणि पात्यांची संख्या

शेपटीला चाक असलेले विमान उभे असताना प्रॉपेलर जमिनीपासून बराच वर दिसतो. उड्डाणाच्या धावेत शेपटी वर येते आणि हे अंतर झपाट्याने कमी होते. म्हणून मोजमाप घेताना शेपटी उचलून विमान आडवे धरावे आणि त्या स्थितीत पात्याचे टोक जमिनीपासून किती वर आहे ते पाहावे. आमच्या वर्गात आम्ही हे अंतर किमान २ इंच असावे असा आग्रह धरतो. खडबडीत मैदानावर त्याहून अधिक. हे अंतर मिळत नसेल तर तीन पात्यांचा प्रॉपेलर विचारात घेता येतो. साधारणपणे पिच तोच ठेवून व्यास १ इंचाने कमी केला की तीन पात्यांचा प्रॉपेलर तेवढाच भार देतो. कार्यक्षमतेत दोन पात्यांचा प्रॉपेलर किंचित सरस असतो, शिवाय तो स्वस्त असतो आणि त्याचा तोल साधणेही सोपे जाते.

७. कशाचा बनलेला?

मोठ्या पेट्रोल इंजिनासाठी प्रामुख्याने दोनच पर्याय आहेत : बीचसारखे टणक लाकूड आणि कार्बन-तंतू. लहान इंजिनांवर चालणारे नायलॉनचे प्रॉपेलर येथे वापरू नयेत. एका सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचे झटके मोठे असतात. ते सोसताना नायलॉनचे पाते बुडख्याशी थकून तुटू शकते.

तुटणे म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. एका पात्याचे वजन ४० ग्रॅम आणि त्याचा गुरुत्वमध्य केंद्रापासून ९ सेंटिमीटरवर धरला, तर मिनिटाला ७२०० फेऱ्यांवर ते पाते बाहेरच्या दिशेने सुमारे २०० किलो वजनाइतक्या बलाने खेचले जाते. त्याच वेळी १८ इंची पात्याचे टोक सेकंदाला १७२ मीटर, म्हणजे ताशी ६२० कि.मी. वेगाने फिरत असते. सुटलेले पाते कोठे जाईल, हे पाहण्यासाठी कोणाच्या डोळ्याला वेळच मिळत नाही.

लाकडाचा एक गुण असा, की जमिनीला लागले की ते मोडते आणि इंजिनाचा दांडा बहुधा वाचतो. कार्बन अधिक ताठ आणि कार्यक्षम असतो, परंतु महाग असतो आणि आघात इंजिनापर्यंत पोहोचवतो. शिकणाऱ्याने लाकडापासूनच सुरुवात करावी, असे आमचे मत आहे. मात्र आपल्या हवामानात लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे बसवलेल्या प्रॉपेलरचे बोल्ट पहिल्या चालवणुकीनंतर आणि पुढेही दर उड्डाणदिवशी तपासून घट्ट करावेत.

पात्याच्या टोकाचा वेग आवाजाशीही निगडित आहे. तो ध्वनीच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या, जवळ जाऊ लागला की कर्कश आवाज होतो आणि शक्ती वाया जाते. आपल्या उदाहरणात तो ध्वनिवेगाच्या निम्म्याइतका आहे. विमान शांत वाटेल. शेजारच्या वस्तीशी आणि गुराख्यांशी सलोखा राखायचा असेल, तर मोठा व्यास व कमी फेरे हे धोरणच हिताचे.

८. तोल

नवा प्रॉपेलर दुकानातून तोल साधूनच येतो, असे समजू नये. पात्याच्या टोकाशी केवळ १ ग्रॅम जास्त असेल, तर मिनिटाला ७२०० फेऱ्यांवर तो १ ग्रॅम सुमारे १३ किलो वजनाएवढ्या बलाने इंजिनाला दर फेऱ्यात वेगळ्या दिशेला ओढतो, सेकंदाला १२० वेळा. या थरथरीने स्क्रू ढिले होतात, सर्व्होच्या तारा तुटतात, रेडिओचा रिसीव्हर बिघडतो आणि इंजिन ज्या भिंतीवर बसवलेले असते तिचे सांधे सुटतात. पुष्कळदा 'रेडिओ गेला' म्हणून पडलेल्या विमानाचे खरे कारण नाकावर फिरत असते.

तोल तपासण्याचे साधे साधन म्हणजे दोन धारांवर किंवा चुंबकांच्या आधारे मोकळा फिरणारा दांडा. त्यावर प्रॉपेलर बसवून आडवा सोडला की जड पाते खाली जाते. लाकडी प्रॉपेलरमध्ये हलक्या पात्याला व्हार्निशचा पातळ हात द्यावा, किंवा जड पात्यावरून बारीक पॉलिशपेपर हळुवार फिरवून पुन्हा लाकूड झाकावे. मधले भोक मोठे करायचे असेल किंवा बोल्टांची भोके पाडायची असतील, तर मार्गदर्शक साचा वापरूनच पाडावीत. हातातल्या ड्रिलने पाडलेले भोक केसभर जरी तिरके गेले, तरी पुढचा सारा तोल व्यर्थ होतो. पात्याची फुगीर बाजू आणि छापील अक्षरे विमानाच्या पुढच्या दिशेला असावीत, हेही बसवताना पाहून घ्यावे.

९. मैदानावरची परीक्षा

कागदावरचा हिशेब येथे खरा-खोटा ठरतो. फेरे मोजण्यासाठी टॅकोमीटर लागतो. प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर बरोबर आहे की नाही हे पाहण्याची एक घरगुती युक्ती आहे : जुन्या, चोक असलेल्या ट्यूबलाइटकडे तो धरावा. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने अशी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. दोन पात्यांसाठी लावलेल्या टॅकोमीटरने त्या प्रकाशात ३००० हा आकडा दाखवायला हवा.

इंजिन गरम झाल्यावर पूर्ण थ्रॉटलवर फेरे मोजून वहीत लिहावेत : तारीख, तापमान, प्रॉपेलर, फेरे. ते निर्मात्याच्या पट्ट्यात खालच्या टोकाला असतील तर प्रॉपेलर जड आहे. वरच्या टोकाला असतील तर हलका. हवेत गेल्यावर प्रॉपेलरवरचा भार कमी होतो आणि फेरे साधारण पाच ते दहा टक्क्यांनी वाढतात, हे ध्यानात ठेवून जमिनीवर थोडी जागा राखावी. शेपटीला स्प्रिंगकाटा बांधून रेटाही मोजता येतो. क्यूबसारख्या विमानाला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याइतका रेटाही उड्डाणाला पुरतो. पण केवळ उभ्या विमानाच्या रेट्यावरून दोन प्रॉपेलरांत श्रेष्ठ कोण, हे ठरवू नये. काटा उचल सांगतो, वेग सांगत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रॉपेलर बदलला त्याच दिवशी कार्ब्युरेटरची सुई आणि पेट्रोलमधील तेलाचे प्रमाणही बदलले, तर सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळत नाही.

१०. न मोडण्याचे नियम

फिरणारा प्रॉपेलर दिसत नाही. जवळून पाहणाऱ्या लहान मुलाला तेथे मोकळी हवाच आहे असे वाटते. म्हणून पुढील नियमांना आमच्या वर्गात अपवाद नाही. पालकांनीही ते आपल्या घरी तसेच पाळावेत.

विमानाची शेपटी खुंटीला बांधल्याशिवाय किंवा दुसऱ्या जाणत्या व्यक्तीने धरल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. प्रॉपेलर उघड्या बोटांनी फिरवू नये; जाड चामडी हातमोजा, लाकडी दांडकी किंवा विजेवर चालणारा स्टार्टर वापरावा. इग्निशन बंद असतानाही इंजिन सुरूच होणार आहे असे मानून हात लावावा. इंजिन चालू झाल्यावर सुई फिरवायची ती विमानाच्या मागे जाऊनच. प्रॉपेलर ज्या पातळीत फिरतो त्या रेषेत, दोन्ही बाजूंना, कोणीही उभे राहू नये. छायाचित्र घेणाऱ्यांनीही नाही. गळ्यातली ओळखपत्राची फीत, ओढणी, मफलर, सैल बाही काढून किंवा खोचून घ्यावी. इंजिन दुरूनच बंद करता येईल असा रेडिओवरचा बंद-कळीचा बंदोबस्त उड्डाणापूर्वी तपासावा.

चीर गेलेला, टवका उडालेला किंवा जमिनीला जोरात लागलेला प्रॉपेलर डिंक लावून पुन्हा वापरू नये. तो करवतीने मधोमध कापून टाकावा, म्हणजे कपाटातून तो चुकून कोणाच्या हाती येणार नाही. पुन्हा विकत घेता येणारी ही वस्तू. तिच्यासाठी कोणाचे बोट किंवा डोळा पणाला लावणे हा हिशेब कोणत्याच वहीत बसत नाही.

याशिवाय कायद्याचेही भान ठेवावे. भारतात २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २ किलोपेक्षा जड आणि २५ किलोपर्यंतची दूरनियंत्रित विमाने 'स्मॉल' वर्गात मोडतात. आपली क्यूब त्यात येते. उडवण्यापूर्वी ते ठिकाण कोणत्या हवाई क्षेत्रात आहे, हे सरकारी नकाशावर पाहणे आणि लागू असलेले नियम पाळणे ही उडवणाऱ्याची जबाबदारी आहे.

सारांश आणि एक उदाहरण

निवडीचा क्रम थोडक्यात असा. विमानाचे वजन आणि पंखाचे क्षेत्रफळ यांवरून किमान वेग काढावा. निर्मात्याच्या यादीतील प्रॉपेलरांचे पिच-वेग त्याच्याशी ताडून पाहावेत. भारांकाने इंजिनावरचा ताण तुलनेने तपासावा. विमान आडवे धरून जमिनीपासूनचे अंतर मोजावे. लागोपाठच्या मापांचे दोन प्रॉपेलर घेऊन तोल साधावा, मैदानावर फेरे मोजावेत आणि वहीत नोंद करावी. शाळेला विमान किंवा इंजिन भेट देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनीही त्यासोबत अशी एक वही द्यावी, ही आमची विनंती आहे. पुढची तुकडी त्या वहीतून जे शिकेल, ते कोणत्याही पत्रिकेत छापलेले नसते.

शेवटी वर्गातील मुलांसाठी आणि ज्यांना वर्ग आठवतो त्या सर्वांसाठी एक उदाहरण. वरच्याच क्यूबला २०×६चा प्रॉपेलर लावायचे कोणी सुचवले. त्याचा भारांक काढा. इंजिनाने त्याला मिनिटाला ६९०० फेरे दिले असे धरून पिच-वेग काढा. विमान आडवे धरल्यावर १८ इंची प्रॉपेलरचे टोक जमिनीपासून अडीच इंचांवर होते, हे लक्षात घ्या. मग कोणत्या मैदानावर, कोणत्या हवेत आणि कोणत्या कामासाठी तुम्ही तो लावाल, की लावणारच नाही, ते चार ओळींत कारणांसह लिहा. उत्तर 'हो' असो वा 'नाही', गुण कारणांना आहेत.